ससा विकताना नर की मादी ते लेखी द्या

मा. संपादक यांस,

महोदय,

पाळीव प्राण्यांच्या आणि मत्स्यालयाच्या दुकानांतून मुलांच्या हट्टाखातर सशांची जोडी घरी आणली जाते, त्या वेळी ‘दोन्ही माद्याच आहेत, काळजी नको’ असे दुकानदार तोंडी सांगतो, आणि काही महिन्यांनी एके सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात गवतात आणि लोकरीत लपलेली, डोळे मिटलेली, अंगावर केसही नसलेली पाच-सहा पिल्ले त्या कुटुंबाला दिसतात. मी पुण्यात बऱ्याच वर्षांपासून ससे पाळते. त्यामुळे ओळखीतील आणि ओळखीच्यांच्या ओळखीतील लोक अशा वेळी मला विचारायला येतात. त्यांच्यात प्राण्यांविषयी बेफिकीर असा माणूस मला क्वचितच भेटला. तरीही यांतील बरीच पिल्ले दगावतात, आणि ज्या कारणांनी दगावतात त्यांपैकी निम्मी तरी टाळता येण्याजोगी असतात, म्हणून हे पत्र.

आधी चूक कुठे होते ते पाहू. सशाचे लिंग लहान वयात ओळखणे अनुभवी माणसालाही अवघड जाते. नराची वृषणे साधारण दहा ते बारा आठवड्यांनी खाली उतरतात आणि दुकानात मिळणारी पिल्ले बहुधा त्याहून लहान असतात. म्हणजे दुकानदार दर वेळी खोटेच बोलतो असे मी म्हणणार नाही, पण खात्री नसताना खात्री देतो हे नक्की. लहान जातींच्या माद्या चार महिन्यांच्या आसपास वयात येतात. मांजरीसारखा माजाचा ठरावीक काळ सशांत नसतो. मीलनानंतर दहा-बारा तासांत मादीचे बीज सुटते आणि तीस ते बत्तीस दिवसांत ती विते. याहून महत्त्वाची आणि लोकांना सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट ही की व्यायल्यानंतर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणून पिल्ले दिसताक्षणी करायचे पहिले काम म्हणजे नराला दुसऱ्या खोलीत हलवणे. हे राहून गेले, तर पहिली पिल्ले दूध सोडण्याच्या आधीच दुसरी वीण घरात येते, आणि तोवर आईच्या अंगात काही उरलेले नसते. नराची नसबंदी केली तरी त्यानंतर चार ते सहा आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो, हेही अनेकांना कोणी सांगितलेले नसते.

दुसरा गोंधळ दुधाचा. आई पिल्लांजवळ बसतच नाही, ती त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही, तिने त्यांना टाकले, अशी तक्रार घेऊन लोक येतात आणि पिल्लांना ड्रॉपरने गायीचे दूध पाजायला सुरुवात केलेली असते. वास्तविक सशाची मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा, बहुतेक वेळा पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर घरट्यात शिरते, तीन ते पाच मिनिटे पाजते आणि बाहेर पडते. रानात तिचे पूर्वज असेच वागत. घरट्याभोवती वावर जितका कमी तितकी शिकाऱ्याची नजर तिथे जाण्याची शक्यता कमी. तिचे दूध अतिशय घट्ट असते, गायीच्या दुधाच्या तिपटीहून अधिक स्निग्धांश त्यात असतो, आणि पिल्लू एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतके दूध पिऊ शकते. त्यामुळे आई दिवसभर दूर दिसली, तर त्यात काहीही बिघडलेले नसते.

पिल्लांना दूध मिळते आहे की नाही हे आईकडे पाहून कळत नाही, ते पिल्लांकडे पाहून कळते. पोट गोल आणि टणक, कातडी ताणलेली, अंग उबदार आणि पिल्लू शांत असेल, तर हात लावण्याचे कारण नाही. पोट खपाटीला गेले आहे, कातडीला सुरकुत्या पडल्या आहेत आणि पिल्लू सतत वळवळत ओरडते आहे, असे असेल तर ते उपाशी आहे. याहून खात्रीचा मार्ग म्हणजे स्वयंपाकघरातील ग्रॅममध्ये वजन दाखवणारा काटा. जन्मतः तीस ते साठ ग्रॅम भरणारे पिल्लू रोज ठरल्या वेळी तोलले आणि आकडा वहीत लिहिला, की दोन-तीन दिवसांत कोण मागे पडते आहे ते स्वच्छ दिसते. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते ही समजूत पाळीव सशाच्या बाबतीत खरी नाही. हात स्वच्छ धुऊन, घरट्यातील गवतावर चोळून मगच पिल्लू उचलावे, एवढे पुरे.

पहिल्यांदा विणारी मादी कधी कधी जाळीच्या उघड्या तळावरच विते आणि पिल्ले इकडेतिकडे विखुरतात. मांजर पिल्लू तोंडात धरून जागेवर नेते, सशाची मादी तसे करत नाही. घरट्याबाहेर पडलेले पिल्लू तिथेच गार पडून मरते. अशा वेळी जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात सुके गवत आणि आईने स्वतःच्या पोटाचे उपटलेले केस घालून सर्व पिल्ले एकत्र ठेवावीत. गार पडलेल्या पिल्लाला कधीही आधी दूध पाजू नये. शरीर थंड असताना आतडी काम करत नाहीत आणि पाजलेले दूध आतच नासते. आधी तळहाताच्या उबेत किंवा कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ते हळूहळू गरम करावे, मग बाकीचे. कापूस मात्र घरट्यात घालू नये, त्याचे तंतू पिल्लांच्या पायांना वेढतात.

आई खरोखरच पाजत नसेल, आजारी असेल किंवा मेली असेल, तरच वरचे दूध. तेव्हाही गायीचे दूध नको; मांजरीच्या पिल्लांसाठी मिळणारी दूध-पावडर आणि ती नसेल तर शेळीचे दूध, हा त्यातल्या त्यात बरा पर्याय. पिल्लाला कधीही उताणे धरू नये. ते पोटावर किंवा उभे धरून, लहान सिरिंजने थेंब थेंब आणि त्याच्या गतीने पाजावे, कारण दूध श्वासनलिकेत गेले की फुप्फुसाचा दाह होतो आणि त्यातून लहानगे पिल्लू सहसा वाचत नाही. पाजल्यावर ओल्या मऊ कापडाने बूड हळुवार पुसून लघवी करवावी लागते, एरवी हे काम आईची जीभ करते. हे सगळे करूनही वरच्या दुधावरची पिल्ले जगण्याचे प्रमाण कमीच असते, आणि म्हणूनच आई धडधाकट असताना त्यांना तिच्यापासून दूर नेणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

आता आजारांकडे येते. आमच्या परिसरातील एका कुटुंबात नुकतीच व्यायलेली मादी खरजेने भरलेली होती. नाकाच्या शेंड्यावर, कानांच्या कडांवर आणि पायांच्या नखांभोवती पांढुरकी खपली, सतत खाजवणे, त्यामुळे पाजायलाही ती नीट थांबत नव्हती. ज्या दुकानातून ससे घेतले होते तिथे विचारल्यावर कुत्र्यांच्या गोचिडांवर मारायचा फिप्रोनिलचा फवारा त्यांच्या हाती देण्यात आला. सुदैवाने त्यांनी तो वापरण्याआधी विचारले. फिप्रोनिल सशांना घातक ठरते, त्यातही लहान पिल्लांना. अनेक देशांत या औषधाच्या वेष्टनावरच ते सशांवर वापरू नये असे छापलेले असते. मादीच्या अंगावर फवारलेले औषध दूध पिताना पिल्लांच्या तोंडात गेले असते, हे वेगळे सांगायला नको. सशाच्या खरजेवर उपाय आहे आणि तो महागही नाही: आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन ही औषधे वजनानुसार, ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागतात. पाजत्या आईला ती द्यायची का, केव्हा आणि किती, हे पशुवैद्यानेच ठरवायचे असते. त्या मादीवर पशुवैद्याच्या देखरेखीखाली उपचार झाले, घरट्यातील गवत वरचेवर बदलले गेले आणि तिची पिल्ले आज अंगाने भरली आहेत. ही खरूज माणसाच्या कातडीवरही काही काळ खाज उठवू शकते, म्हणून मुलांना त्या दिवसांत ससा कुशीत घेऊ देऊ नये.

प्रतिजैविकांचे तर याहून भयंकर आहे. माणसांना आणि कुत्र्यांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिली, तर त्याच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि काही दिवसांत जुलाब होऊन ससा दगावतो. घरात उरलेले सिरप अर्धा चमचा पाजून पाहण्याची आपली सवय इथे जिवावर बेतते. औषध लिहिणाऱ्या डॉक्टरांना ‘तुम्ही याआधी ससे तपासले आहेत का’ असे विचारण्यात त्यांचा काहीही अवमान नाही.

काही पिल्लांचे दुखणे जन्माबरोबरच येते. ‘ड्वार्फ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन सशांच्या विणीत आई आणि बाप दोघांकडूनही बुटकेपणाचे जनुक मिळालेले पिल्लू निपजू शकते. अशा पालकांच्या पिल्लांपैकी सरासरी चारांत एक असे असते. भावंडांहून बरेच लहान, डोके मोठे, मागचा भाग निमुळता असे हे पिल्लू थोड्याच दिवसांत मरते आणि कोणत्याही शुश्रूषेने वाचत नाही. मी हे मुद्दाम लिहिते आहे, कारण रात्र रात्र जागलेली मुले त्या मृत्यूचा दोष स्वतःकडे घेतात. डोळ्यांचे मात्र तसे नाही. ते दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. दोन आठवडे होत आले तरी पापण्या चिकटलेल्याच असतील किंवा आत पू दिसत असेल, तर कोमट मिठाच्या पाण्यात, म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनमध्ये, भिजवलेल्या कापडाने पुसून लगेच डॉक्टरांकडे न्यावे, नाहीतर दृष्टी जाते. आपल्या घरांतील गुळगुळीत फरशीवर चालायला शिकणाऱ्या पिल्लांचे पाय बाजूला फाकतात, तेव्हा घरट्याबाहेर सतरंजी अंथरलेली असावी.

सर्वांत फसवा काळ त्यानंतरचा. पिल्ले गवत कुरतडू लागली, उड्या मारू लागली, की घरच्यांना वाटते संकट टळले. आणि चार ते आठ आठवड्यांच्या दरम्यान कॉक्सिडिया या आतड्यातील परजीवीमुळे एकेक पिल्लू पोट फुगून, पातळ हगून दोन दिवसांत जाते. या परजीवीची अंडी लेंड्यांवाटे बाहेर पडतात आणि ओलसर उबेत दोन-तीन दिवसांत संसर्गक्षम होतात, त्यामुळे पावसाळ्यात हा आजार विशेष बळावतो. पिंजरा रोज कोरडा स्वच्छ केला तर हे चक्र तुटते. निदान सूक्ष्मदर्शकाखाली लेंडीच्या साध्या तपासणीने होते, आणि जनावरांचे शेण तपासणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याला ती अवघड नाही. लहान सशाचे खाणे थांबले, तर सकाळपर्यंत वाट पाहू नये.

आहाराबद्दल थोडक्यात: पाजत्या आईला आणि वाढत्या पिल्लांना सुके गवत अमर्याद, जोडीला लसूणघास, आणि पाणी सतत. पिल्ले सहा ते आठ आठवडे आईजवळ राहू द्यावीत. पोळी, बिस्किटे, डाळ-तांदूळ नकोत.

पिल्ले वाढली की ती कुठे द्यायची हा प्रश्न उरतो, आणि काही जण ती टेकडीवर किंवा एखाद्या बागेत सोडून येतात. पाळीव ससा हा युरोपातील रानसशाचा वंशज आहे. आपल्या माळावरचा ससा निराळा. त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊन येतात, आणि तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. (ऊसतोडीत सापडलेली त्याची पिल्लेही घरी आणू नयेत, त्यांची आई अंधार पडल्यावर परत येते.) टेकडीवर सोडलेला पाळीव ससा कुत्री, मुंगूस किंवा उष्म्याच्या तोंडी जातो. उपाशी मरेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० अन्वये गुन्हाही आहे. नर पिल्ले दहाव्या आठवड्याच्या आत वेगळी करावीत, योग्य वय होताच नसबंदी करून घ्यावी आणि मगच ती दुसऱ्या घरी द्यावीत, म्हणजे हाच प्रसंग तिथे उद्भवणार नाही.

याच कायद्याखाली २०१८ साली पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी नियम करण्यात आले. त्यांत कुत्रा-मांजरांबरोबर सशांचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि दुकानाला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी बंधनकारक आहे. घरी ससे आणणाऱ्या प्रत्येकाने दुकानदाराकडे ही नोंदणी मागावी. महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. त्यांनी खासगी आणि सरकारी पशुवैद्यांसाठी ससे व तत्सम लहान प्राण्यांच्या उपचारांवर छोटे अभ्यासवर्ग घेतले, तर तालुक्याच्या गावी राहणाऱ्याला पोटफुगीच्या पिल्लासह रात्री शहर गाठावे लागणार नाही. आणि मंडळाने एवढे तरी तातडीने करावे: सशाच्या विक्रीच्या पावतीवर अंदाजे वय, लिंग आणि लिंग पशुवैद्याने तपासले आहे की नाही हे लिहिणे सक्तीचे करावे, दहा आठवड्यांखालील जोडी विकण्यावर बंदी घालावी आणि पावतीवरील लिंग चुकीचे निघाल्यास नसबंदीचा खर्च विक्रेत्याकडून वसूल करण्याची तरतूद करावी.

आपली,
एक ससेपालक वाचक, पुणे