खुणा जपायला शिकवणाऱ्या कळव्याच्या दादांना

दादा, नमस्कार.

आमच्या वर्तकनगरच्या सोसायटीत तुम्ही आलात ते एलईडी पट्टी बघायला. पाच व्होल्टची पट्टी, लांबच्या टोकाला पांढरा रंग तांबूस पडत होता. तुम्ही त्या टोकालाही सप्लायच्या वायरी दिल्यात आणि काम संपलं. त्याबद्दल कमिटीने आभार मानलेत. माझे आभार त्यानंतरच्या दोन तासांचे आहेत.

क्लबहाऊसच्या कोपऱ्यात मी लॅपटॉपपुढे रडकुंडीला आले होते. गेल्या दिवाळीत आमच्या भजनी मंडळाच्या रेकॉर्डिंगवर लाइट शो बसवला होता. ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्राममध्ये भजन लावायचं आणि दर मात्रेला कंट्रोल-एम दाबून खूण करायची; त्या खुणांवर दिवे बदलतात. पाच मिनिटांत सहाशेच्या आसपास खुणा (ऑडॅसिटी त्यांना लेबल म्हणते), तीन रात्री गेल्या. यंदा कमिटीने सुरुवातीला शंखनाद घातला आणि तिसरं कडवं उडवलं. झालं, पुन्हा पहिल्यापासून.

त्याआधी मी पळवाट काढून पाहिली होती. दिव्यांचा शो बसवायच्या एक्सलाइट्स प्रोग्राममध्ये मेट्रोनोमचा टायमिंग ट्रॅक टाकला, दर 500 मिलिसेकंदांना एक रेघ. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्यात दिवे एकीकडे आणि टाळ दुसरीकडे. मात्रेमागे फक्त 5 मिलिसेकंदांचा फरक असला तरी 200 मात्रांनी अख्खा सेकंद होतो, आणि आमचे काका तर शेवटी लय चढवतातच. तुम्ही हसून म्हणालात, "मृदंग घड्याळाकडे बघून वाजत नसतो."

मग विचारलंत, "मागच्या वर्षीची लेबलची फाइल आहे का उडवलीस?" होती. डाउनलोड्समध्ये, 'फायनल 3' नावाने. (त्या नावावर तुम्ही काही बोलला नाहीत, तेही आभार मानण्यासारखंच.)

ती फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, वेळ सेकंदांत, हे मला माहीतच नव्हतं. तुम्ही ती एक्सेलमध्ये उघडलीत. कापलेल्या कडव्याच्या आधीच्या सगळ्या वेळांत 7.2 मिळवले, त्या कडव्याच्या ओळी पुसल्या. पुढच्या खुणा मागे आणायच्या होत्या. मी अंदाजाने 45 सेकंद धरणार होते. तुम्ही थांबवलंत आणि चौथ्या कडव्याची पहिली सम दोन्ही रेकॉर्डिंगच्या लहरींत शोधायला लावलीत. जुनी 3:12.40 ला, नवी 2:27.55 ला. वजा 44.85. माझ्या अंदाजाने दिवे 150 मिलिसेकंद आधीच लागले असते, म्हणजे 50 मिलिसेकंदांच्या फ्रेमने (दिवे बदलायची सगळ्यात छोटी पायरी) तीन फ्रेम. गेल्या वर्षी "काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही" असं जे सगळे म्हणत होते, ते बहुतेक असल्याच फरकामुळे.

फाइल एक्सलाइट्समध्ये घेतल्यावर तुम्ही मात्रा, सम आणि कडवी असे तीन वेगळे ट्रॅक करायला लावलेत आणि ते सीक्वेन्सबाहेर, म्हणजे यंदाच्या शोच्या फाइलीबाहेर, वेगळ्या फाइलीत काढून ठेवायला सांगितलंत. जुने इफेक्ट मात्र उचलू दिले नाहीत. "खुणा ठेव, रंग टाक. तेच रंग पुन्हा दिसले तर लोक मोबाइल खिशात घालतील." तेव्हा राग आला होता. दोन रात्रींची ती निळी लाट माझी फार लाडकी होती. आता गेटवरची कमान भगव्या-पिवळ्यात सुटी सुटी उजळते आणि तीच बरी दिसते, हे मान्य. समेला दर वेळी पांढरा झगमगाट हवाच, हे मात्र अजूनही पटलेलं नाही. मी समेला सगळे दिवे क्षणभर विझवलेत. येऊन बघा आणि मग भांडू.

घरी गेल्यावर तुम्ही आणखी एक फाइल पाठवलीत. दिव्यांच्या गाणाऱ्या पणतीचं तोंड शब्दांबरोबर हलावं म्हणून मराठी शब्दांचे ध्वनी तोडलेली तुमची स्वतःची यादी. प्रोग्रामचा शब्दकोश इंग्रजी, त्याला 'माउली' कुठून कळणार! अशी यादी जमवायला किती संध्याकाळी जातात ते मला कळतं. न मागता दिलीत.

काल चाचणी झाली. टाळ वाजवणाऱ्या काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "हे माझ्या हातावर चालतंय का?" मी हो म्हटलं.

तुमचा टेस्टर वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलाय. पहिला शो वसुबारसेला संध्याकाळी साडेसातला. कळव्याच्या पुलावर गर्दी असते, जरा लवकर निघा.

तुमची,
बी विंगमधली कंट्रोल-एमवाली