गोळी, आकडा आणि माझी चहाडी

ती. बाबा आणि सौ. आई,
सा. न.

बाबा, आधी तुमच्या रागाचं बघू. तुमच्या डॉक्टरांना फोन मीच केला. बीपीची गोळी तुम्ही मनानेच बंद-चालू करता, हे मीच सांगितलं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. चहाडी म्हणा हवं तर. पण त्यांच्या हिशेबाने तुम्ही रोज गोळी घेत होतात आणि तरी बीपी १६० वर होतं, म्हणून ते डोस वाढवायला निघाले होते. तो वाढीव डोस तुम्ही एखादे दिवशी खरंच घेतला असतात आणि उठताना गरगरून पडला असतात तर?

"आकडा चांगला आला, आता गोळी कशाला?" हे तुमचं म्हणणं मला कळतं. उगाच कशाची सवय लावून घ्यायची नाही, हा तुमचा स्वभावच. पण आकडा चांगला येतो तो गोळीमुळेच! सोडली की पुन्हा चढतो, आणि काही गोळ्या एकदम तोडल्या तर झपकन चढतो. चढलेला कळतही नाही. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, असं नसतं. बहुतेकांना काहीच जाणवत नाही आणि आत मूत्रपिंडं, डोळ्यांचा पडदा, मेंदूच्या रक्तवाहिन्या सोसत राहतात. आत्याचं मी इथे काढत नाही. चालणं, वजन आणि मीठ (दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा) यांनी फरक पडला तर डॉक्टर स्वतःच गोळी कमी करतील. ती त्यांना करू द्या.

मी तापाने फणफणले की तुम्ही थर्मामीटर झटकायचात आणि कॅलेंडरच्या पाठीमागे पेन्सिलीने रकाने पाडून वेळेसकट ताप लिहायचात. अर्धवट झोपेत मला ती पेन्सिल ऐकू यायची आणि बरं वाटायचं. आता तसेच रकाने स्वतःसाठी पाडा. मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी नाही. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं स्वस्थ बसा, पाय जमिनीला टेकलेले, दंड छातीच्या पातळीला, पट्टा उघड्या दंडावर. शर्टाच्या बाहीवरून नाही. आणि त्या वेळी आईशी वाद घालायचा नाही, बोलण्यानेसुद्धा आकडा वाढतो. एका मिनिटाने पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर राहिली तर डॉक्टरांना कळवायचं, गोळीला हात लावायचा नाही.

आई, हसू नकोस, तुझंही आहे. साखर तपासायला रक्त द्यायच्या आधी चार दिवस कडक पथ्य पाळलं की झालं, असं तुला वाटतं ना? उपाशीपोटीची साखर त्याला फसेल एखादवेळ, एचबीएवनसी फसत नाही. त्यात साधारण गेल्या तीन महिन्यांची सरासरी दिसते, कारण तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात. तुला ओरडायचं म्हणून नाही सांगत. तू किती जणांचं करत आलीस, स्वतःचं शेवटी, हे मी लहानपणापासून बघतेय. पण पाय रोज बघायचे, बोटांच्या बेचक्यांसकट. वाकता येत नसेल तर आरसा खाली ठेव. साखरेने पायाची जाणीव कमी होते, मग फोड आला तरी दुखत नाही. गोळी घेऊन जेवण लांबवायचं नाही. घाम, थरथर, घाबरल्यासारखं झालं तर साखर मोज. ७० च्या खाली असेल तर तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यातून घे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोज. आणि गुडघ्यासाठी त्या दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या बंद. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात, मूत्रपिंडांना त्रास देतात. दुसरं काय चालेल ते डॉक्टरांना विचारलंय, ते सांगतील.

डोळ्यांच्या पडद्याची तपासणी दोघांचीही ठरवून टाकली आहे. वेळ सकाळची घेतली, म्हणजे बाबांची दुपारची झोप मोडणार नाही. मी येतेय, गाडी मीच चालवीन. थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा त्या दिवशी पेपर मी वाचून दाखवीन, कोड्यासकट. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची, दोन्ही त्याच फेरीत विचारून घेऊ. वय झालंय असं मी म्हणत नाहीये हं.

एकच गोष्ट मात्र दरडावून सांगते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर झोपून बघू, सकाळी बघू, मला त्रास नको, असलं काही नाही. लगेच ॲम्ब्युलन्स, आणि कधी सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. मला फोन नंतर.

तुमची,
चिमी

ता. क. बाथरूममध्ये धरायला दांडे बसवायला शनिवारी माणूस येईल. बाबा, भोक कुठे पाडायचं ते त्याला शिकवू नका. उंची मी आईच्या हाताने मोजून दिली आहे.