गिनीपिग विकत घेण्याआधी

महोदय,

उन्हाळी सुट्टी लागली, की आमच्याकडच्या पेट शॉपच्या दारात गिनीपिग दिसू लागतात. कुत्र्याला फिरवायला वेळ नाही, मांजर आजीला चालत नाही, म्हणून हजारभर रुपयांत ही जोडी घरी येते. शाळा सुरू झाल्या, की तीच जोडी, आणि बहुतेक वेळा तिची पिल्लेही, ‘कुणाला हवीत का?’ म्हणत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरू लागते. विकत घ्यायच्या आधी अशा घरांत चौकशी करावी, एवढे सांगायला हे पत्र.

मी एका फार्मसी कॉलेजच्या अ‍ॅनिमल हाऊसमध्ये नोकरी केली. उंदीर, ससे, गिनीपिग यांचे खाणेपिणे, पिंजरे आणि नोंदी हे माझे काम. ते प्राणी प्रयोगासाठीच होते, खोटे कशाला बोलू? पण प्रत्येक पिंजऱ्यावर कार्ड असे: नर की मादी, जन्म कधीचा, आला कुठून. एथिक्स कमिटीपुढे प्रत्येक प्राण्याचा हिशेब द्यावा लागे. दुकानात विचारा, ‘नर की मादी?’ उत्तर ठरलेले: ‘जोडीच आहे साहेब, बिनधास्त न्या.’

ओळखणे काही अवघड नाही. पिल्लू तळहातावर अलगद उताणे धरायचे आणि पोटाच्या खालच्या टोकाला अंगठ्याने हलके दाबायचे. नर असेल तर लगेच कळते. पण दुकानात एकाच काचेच्या टाकीत लहानमोठे, नरमादी सगळे कोंबलेले. मादी महिन्याभराची असतानाच गाभण राहू शकते, तीन आठवड्यांचा नर वेगळा काढावा लागतो. गाभणकाळ ५९ ते ७२ दिवसांचा, आणि व्यायल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे दुकानातून आणलेली ‘गुबगुबीत’ मादी दोन महिन्यांत पिल्ले देते, तेव्हा त्यात चमत्कार काही नसतो. उलट सात-आठ महिन्यांपर्यंत एकदाही न व्यायलेली मादी नंतर गाभण राहिली, तर तिच्या कमरेचा सांधा पुरेसा सैल होत नाही आणि बाळंतपण जिवावर बेतते. वय माहीत असणे किती गरजेचे, हे यावरून समजावे. घरातून घेतलेल्या जनावराचे वय, सवयी, दुखणी सांगणारे माणूस समोर असते. जीव वाचवल्याचे पुण्य ज्याला हवे त्याने घ्यावे. माझ्या लेखी दत्तक घेण्याचा खरा फायदा ही माहिती आहे.

मात्र घरातूनही डोळे झाकून आणू नये. मादी नराबरोबर होती का, हे स्पष्ट विचारा. खायला काय घालत होते ते विचारा. माणसासारखेच गिनीपिगच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. नुसता कोंडा आणि काकडी खाणारा प्राणी काही आठवड्यांत लंगडू लागतो, उचलला की किंचाळतो, हिरड्यांतून रक्त येते. रोज थोडी ढोबळी मिरची, पेरूची फोड, कोथिंबीर दिली तर ही वेळ येत नाही. वाळलेले गवत मात्र समोर सतत हवे, कारण दात जन्मभर वाढत राहतात. लसूणघास पिल्लांना ठीक. मोठ्यांना रोज घातला तर त्यातल्या कॅल्शियममुळे मुतखडा होतो. आणि मुलाच्या तापातले उरलेले अमॉक्सिसिलिन चुकूनही पाजू नये. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, मागोमाग प्राणीही.

राहता राहिला दुकानांचा प्रश्न. केंद्र सरकारने २०१८ साली पेट शॉपसाठी नियम केले. त्यात कुत्र्या-मांजरांबरोबर गिनीपिगचाही नावानिशी उल्लेख आहे, आणि राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केल्याशिवाय दुकान चालवता येत नाही. तरी गेल्या महिन्यात मी एका दुकानात नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हटले, तर मालकाने गुमास्ता लायसन्स पुढे केले! पत्र्याखाली, भर एप्रिलच्या दुपारी, टाकीतले गिनीपिग धापा टाकत होते. या प्राण्याला घाम येत नाही. तिशीच्या वर पारा गेला, की उष्माघाताची भीती. दुकाने बंद करा असे माझे म्हणणे नाही. निदान नर-मादी वेगळे ठेवा आणि पावतीवर लिंग व अंदाजे वय लिहा, एवढी सक्ती पशुसंवर्धन खात्याने करावी.

गिनीपिग कळपात राहणारा प्राणी. स्वित्झर्लंडमध्ये तो एकटा पाळायला २००८ पासून कायद्यानेच मनाई आहे. आमच्या कॉलनीत एका घरी सध्या दोन माद्या द्यायच्या आहेत, बहिणी-बहिणी, पिंजऱ्यासकट. एक दोघे येऊन बघून गेले. त्यांना पांढरी तेवढी हवी होती. न्यायच्या तर दोघींना न्याव्या लागतील.

– एक निवृत्त प्रयोगशाळा कर्मचारी, विश्रामबाग, सांगली