नदीपलीकडची वॉरंटी

विंडसर, ऑन्टारिओ, कॅनडा

तीर्थस्वरूप काकांस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. दादा आणि वहिनी येत्या उन्हाळ्यात इकडे राहायला येणार, ही बातमी वाचून घरात सर्वांना आनंद झाला. ऑन्टारिओत राहायचे असले तरी गाडी अमेरिकेतून आणावी, म्हणजे बरेच पैसे वाचतात, असे दादाला कोणीतरी सांगितले आहे. आमची हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर, दोन्हींवर चालणारी) गाडी तशीच आणलेली असल्यामुळे तिचा अनुभव कसा आहे, असे तुम्ही विचारले आहे. तुमची सारी नोकरी एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये गेलेली असल्याने ‘गाडी बरी आहे’ एवढ्या उत्तराने तुमचे समाधान होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रथम जागेची कल्पना देतो. विंडसर हे डेट्रॉइट नदीच्या काठावर आहे आणि पलीकडच्या काठावर अमेरिकेचे डेट्रॉइट शहर. नकाशा पाहिलात तर एक गंमत दिसेल : नदी येथे अशी वळली आहे की कॅनडा दक्षिणेला येतो आणि अमेरिका उत्तरेला. १९२९ साली पूल झाला, १९३० साली नदीखालून बोगदा झाला, आणि तेव्हापासून येथील पुष्कळ लोक एका देशात राहून दुसऱ्या देशात नोकरी करतात. त्यामुळे पलीकडे जाऊन गाडी घेणे यात आम्हाला काही धाडस वाटले नव्हते. गाडी तीन वर्षे वापरलेली होती, मिशिगन राज्यातल्या, म्हणजे डेट्रॉइटकडच्या, अधिकृत डीलरकडची होती आणि तिचे सर्व्हिसचे कागद पूर्ण होते.

आणण्याची पद्धत किचकट आहे, पण तिच्यात संदिग्ध असे काही नाही. गाडीचे मालकीपत्र अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याकडे निर्यातीच्या किमान ७२ तास आधी द्यावे लागते. कॅनडाच्या हद्दीत शिरताना पाच टक्के संघीय कर द्यावा लागतो, प्रांताचा आठ टक्के कर नोंदणीच्या वेळी भरावा लागतो आणि गाडी उत्तर अमेरिकेबाहेर बनलेली असेल तर ६.१ टक्के सीमाशुल्क वेगळे पडते. आमच्या गाडीच्या चॅसिस नंबरचे पहिले अक्षर ‘जे’ होते, म्हणजे ती जपानात बनलेली होती, आणि गाडी विकणारा डीलर पलीकडच्या काठावरचा असला तरी हे शुल्क टळत नाही. त्यानंतर ४५ दिवसांच्या आत गाडीची तपासणी होते. येथे दिवसाही पुढचे दिवे चालू असणे कायद्याने बंधनकारक आहे, अमेरिकेत तसे बंधन नाही; म्हणून दिव्यांची व्यवस्था पाहिली जाते. शिवाय गाडीवर एकही सुरक्षा रिकॉल (दोष आढळल्याने कंपनीने गाडी परत बोलावून करायची दुरुस्ती) बाकी नाही, असे पत्र उत्पादकाकडून आणावे लागते. हे पत्र आम्हाला कंपनीच्या कॅनडातील कार्यालयाने दिले होते. हा तपशील लक्षात ठेवा, त्याचा पुढे संबंध येणार आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. गेल्या हिवाळ्यात डॅशबोर्डवर लाल त्रिकोण उजळला, गाडीची ओढ कमी झाली आणि मागच्या सीटखालून पंख्याचा आवाज सतत येऊ लागला. तुम्हाला यंत्राची उत्सुकता असणार, म्हणून थोडे खुलाशाने सांगतो. आमच्या गाडीतील मोठी बॅटरी निकेल-मेटल हायड्राइड प्रकारची आहे. एका सेलचा दाब सुमारे १.२ व्होल्ट असतो, आणि असे बरेच सेल एकापुढे एक जोडून दोनशे व्होल्टच्या आसपास दाब तयार केला जातो. सेलचे गट पाडलेले असतात, आणि गाडीचा संगणक प्रत्येक गटाचा दाब दुसऱ्या गटांशी सतत ताडून पाहतो. चढावर जोर दिला की एखादा गट इतरांपेक्षा जास्त खाली जातो, ब्रेकने चार्जिंग होताना तोच सर्वांत आधी वर चढतो. असा फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की संगणक इशारा देतो. सेलांचा हा पॅक थंड ठेवण्यासाठी पंखा प्रवासी जागेतील हवा ओढतो, आणि त्या हवेबरोबर सीटवरची धूळ, तंतू, केस असे सर्व काही ओढले जाते. जाळी तुंबली की पॅक तापतो, आणि पॅकच्या मध्यभागी बसलेले सेल कडेच्या सेलांपेक्षा लवकर थकतात. आमच्या बाबतीत हेच झाले होते, पण ते कळायला पुष्कळ वेळ गेला, कारण झाकण कोणी उघडायचे यावरच पत्रव्यवहार अडला होता.

वॉरंटीच्या पुस्तिकेत हायब्रिड बॅटरीसाठी आठ वर्षे किंवा १,००,००० मैल, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत हमी असल्याचे स्वच्छ लिहिले आहे. गाडीला सात वर्षे होत आलेली होती आणि मीटरवर ८८,००० मैल होते. म्हणजे दोन्ही अटींत गाडी बसत होती. मी ती विंडसरमधल्या त्याच कंपनीच्या अधिकृत डीलरकडे नेली. सर्व्हिस काउंटरवरच्या माणसाने चॅसिस नंबर संगणकात टाकला, आणि गाडी पाहण्याआधीच सांगितले की ही अमेरिकेची गाडी असल्याने आमच्याकडे हिचे वॉरंटीचे काम होणार नाही. तपासणीचे पैसे द्यायचे असतील तर संगणकातले बिघाडाचे कोड वाचून देऊ. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. कंपनीचे नाव आणि चिन्ह एकच असले तरी कॅनडातील कंपनी कायद्याने वेगळी आहे, अमेरिकेतील कंपनीने दिलेल्या हमीचा खर्च तिला कोणी भरून देत नाही, आणि त्यामुळे तिच्या डीलरलाही कोणी देत नाही, असे त्याने शांतपणे समजावले. मी कॅनडातील कार्यालयाला लेखी कळवले की याच गाडीवर रिकॉल बाकी नाही असे पत्र तुम्हीच दिलेले आहे. उत्तर आले की ती सुरक्षेची बाब आहे आणि वॉरंटी ही विक्रीची बाब आहे. तर्क म्हणून हे उत्तर चुकीचे नाही, पण माणसाला ते पटत नाही.

काका, आपल्याकडे एम.एच. पासिंगची गाडी कर्नाटकात नेली तर एनओसी, पुन्हा रोड टॅक्स, नवा नंबर असा सगळा व्याप होतो, पण कंपनीची वॉरंटी बेळगावच्या शोरूममध्येही चालतेच. येथे उलट झाले. सरकारी कागद एकेक करून पूर्ण झाले, पण हमी नदी ओलांडून आली नाही. ती रद्दही झाली नव्हती, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. आमच्या पुस्तिकेत गाडी परदेशी नेल्यास हमी संपते असे कोठेही लिहिलेले नाही. फक्त काम अमेरिकेतील अधिकृत डीलरकडे करून घ्यावे, एवढे लिहिले आहे. काही कंपन्या दोन्ही देशांत हमी मानतात, तर काही ठरावीक मुदतीच्या आत गाडी सीमेपलीकडे गेली तर ती काढून घेतात. २००७ साली कॅनडाचा डॉलर अमेरिकेच्या डॉलरच्या बरोबरीला येऊन पुढेही गेला, तेव्हा येथील लोकांनी पलीकडून पुष्कळ गाड्या आणल्या, आणि हा झगडा तेव्हापासून तापलेला आहे. गाड्या येऊ न देण्यासाठी संगनमत केल्याचा आरोप ठेवून काही उत्पादकांवर सामूहिक दावेही झाले होते.

राहिला मार्ग डेट्रॉइटचा. पण लाल त्रिकोण लागलेली गाडी घेऊन नदीखालच्या बोगद्यात शिरण्याची माझी तयारी नव्हती. मध्येच ती बंद पडली असती तर दोन देशांची वाहतूक आमच्या मागे थांबली असती. सीमेपलीकडे जाण्याचे परवाने असलेला टोइंगवाला शोधावा लागला आणि गाडी पुलावरून पलीकडे गेली. हा खर्च कोणतीही हमी भरून देत नाही.

तेथे एक नवीनच विघ्न उभे राहिले. आमची गाडी मैलांत मोजते. विंडसरमधल्या नेहमीच्या गॅरेजने आपल्या बिलावर हिशेब करून १,३८,००० किलोमीटर असे लिहिले होते. त्यानंतर विंडसरच्याच डीलरच्या काउंटरवर कोणीतरी मीटरवरचा ८८,००० हा आकडा पाहिला आणि त्याच्यापुढे सरळ ‘किलोमीटर’ लिहून टाकले. कागदोपत्री गाडी पन्नास हजार किलोमीटर मागे गेली होती! मीटर फिरवल्याचा संशय यायला एवढे पुरेसे असते, आणि डेट्रॉइटच्या डीलरने तो बोलूनही दाखवला. विंडसरच्या डीलरकडून दुरुस्तीचे पत्र मिळवण्यासाठी लेखी मागणी करावी लागली. दुसरा आक्षेप असा होता की आमची देखभाल अधिकृत डीलरकडे झालेली नाही. येथे मात्र अमेरिकेचा कायदा उपयोगी पडला. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार, ऑइल बदलण्यासारखी देखभाल अमुक डीलरकडेच केली पाहिजे अशी अट घालून हमी नाकारता येत नाही. बाहेरच्या कामामुळेच बिघाड झाला असे म्हणायचे असेल तर ते कंपनीने दाखवावे लागते. कायद्याचे नाव घेऊन पत्र लिहिल्यावर उत्तरांची भाषा बदलली, असे माझे निरीक्षण आहे.

शेवटी झाकण उघडले गेले. हे काम पाहण्यासारखे असते. नारिंगी वेष्टनाच्या तारांना हात लावण्याआधी बॅटरीचा प्रवाह तोडणारा सर्व्हिस प्लग काढून मेकॅनिक बराच वेळ थांबतो, कारण इन्व्हर्टरमधील कपॅसिटरांत साठलेला भार उतरावा लागतो. हातात १००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी मोजे असतात आणि प्रत्येक टोकाला मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय पाना लागत नाही. पंख्याच्या जाळीवर करड्या धुळीचा जाड थर निघाला. कंपनीने पूर्ण पॅक हमीत बदलून दिला, पण पंखा व त्याची साफसफाई ही देखभालीची बाब असल्याचे सांगून तेवढे बिल आमच्याकडून घेतले. हा निर्णय मला अन्यायाचा वाटत नाही. पंखा तुंबला म्हणून पॅक गेला असे म्हणून त्यांना सगळीच हमी नाकारता आली असती. परत येताना आम्ही पैसे देऊन करून घेतलेले काम कॅनडाच्या सीमाशुल्क खात्याला जाहीर करून त्यावर कर भरला. फुकट झालेल्या कामाचाही कागद जवळ असावा लागतो, कारण नवी बॅटरी दिसली की ती कोठून आली हा प्रश्न होतोच.

आता दादासाठी. माझे मत असे आहे की हायब्रिडच्या बाबतीत किमतीतला फरक हमीच्या वर्षांनी भागून पाहावा. साध्या पेट्रोल गाडीत जो बिघाड कोपऱ्यावरचा मेकॅनिक काढतो, तो येथे मोठ्या दाबाच्या पॅकमध्ये असतो आणि त्याला हात लावणारी गॅरेजे थोडी आहेत. शिवाय परिस्थितीही बदलली आहे : २०२५ च्या एप्रिलमध्ये कॅनडाने अमेरिकेतून येणाऱ्या, अमेरिका-कॅनडा-मेक्सिको व्यापार कराराच्या अटींत न बसणाऱ्या तयार गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावले. आमच्या वेळी हे नव्हते. तरीही त्याला घ्यायचीच असेल तर पैसे देण्यापूर्वी चॅसिस नंबर कळवून कंपनीच्या कॅनडातील कार्यालयाकडून एकाच प्रश्नाचे लेखी उत्तर मागवावे : या विशिष्ट गाडीचे वॉरंटीचे काम कॅनडातील डीलर करील किंवा नाही. फोनवरचे ‘हो’ धरू नये. आणि त्याला राहायचे आहे ऑन्टारिओतल्याच किचनर शहरात. तेथून अमेरिकेतले डेट्रॉइट किंवा बफेलो गाठायला काही तास मोडतात; आमच्यासारखी नदी ओलांडली की झाले, अशी सोय त्याला नाही. त्याने ऑन्टारिओतच गाडी घ्यावी, असे मी तुमच्यामार्फत त्याला सुचवतो.

काढलेल्या पंख्याचे आणि जाळीचे फोटो दादाच्या फोनवर पाठवले आहेत, ते त्याच्याकडून मोठे करून पाहावेत. ही जाळी सीट न काढता साफ करण्याची एखादी युक्ती तुम्हाला सुचली तर अवश्य कळवा, कारण येथील डीलर त्या कामासाठी पूर्ण सीट उतरवतात आणि तेवढ्या वेळाचे पैसे लावतात.

सौ. काकूंना साष्टांग नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचे आता कसे आहे तेही लिहा.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या