सावकारीबद्दल एकच ओळ?

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

राखी पौर्णिमा किंवा २५ फेब्रुवारी जवळ आली की सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननबद्दल कुठे ना कुठे छापून येतं. १९९५ साली त्याच २५ फेब्रुवारीला देवास जिल्ह्यातल्या उदयनगरहून इंदूरला येताना बसमध्ये त्यांच्यावर चाकूचे वार झाले, मग खाली ओढून पुन्हा वार झाले. उतारूंपैकी कुणी मध्ये पडलं नाही. पुढे २००२ मध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ही क्षमा थोरच. पण खून झाला कशापायी, हे मात्र 'सावकारांचा रोष ओढवला' एवढ्यावर उरकलं जातं. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

मी बँकेतून निवृत्त झालो. काही वर्षं देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत होतो. सिस्टरांशी कधी गाठ पडली नाही, पण त्यांनी कशात हात घातला होता ते काउंटरमागून रोज दिसायचं. जूनमध्ये पाऊस पडायच्या आत बियाणं घरात हवं. बँकेचं कर्ज मंजूर होईस्तोवर जुलै उजाडायचा. सावकार मात्र त्याच दिवशी पोतं उचलून द्यायचा, सवाईदिढीने. सवाई म्हणजे एका पोत्याचं सव्वा पोतं परत, दिढी म्हणजे दीड पोतं, तेही सोयाबीन निघाल्यावर, चार महिन्यांत. वर्षाचा दर काढून बघा! त्यात शेताची ऋणपुस्तिका, म्हणजे जमिनीची आणि कर्जाची नोंद असलेली सरकारी वही, सावकाराच्या पेटीत, आणि ती दाखवल्याशिवाय आम्ही अर्जाला हात लावत नसू. अंगठा उठवणारा माणूस तसाच माघारी जायचा. नियम आमचेच, फायदा सावकाराचा.

अशा ठिकाणी कुणी बायकांना जमवून बचत करायला लावली, सरकारी योजना समजावल्या, बँकेच्या दारापर्यंत आणून सोडलं, की सावकाराचं गिऱ्हाईक तुटतं. सिस्टरांनी हेच केलं. त्या केरळातल्या पुल्लुवळीच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या; जन्म १९५४ चा. बिजनौरला आणि मग सतना धर्मप्रांतात काम करून १९९२ मध्ये उदयनगरला आल्या. शेतात वाढलेल्या बाईला पेरणी हुकली की वर्ष गेलं, हे कुणी शिकवावं लागत नाही. मला वाटतं, त्यांच्या कामाचं मर्म इथेच आहे, आणि चरित्र सांगणारे नेमके इथून घाईने पुढे जातात.

मारेकऱ्याच्या डोक्यात धर्मांतराचं भरवून दिलं होतं, असं त्यानेच नंतर सांगितलं. सवाईदिढी बुडाल्याचा सावकारांचा राग तसा उघड बोलून दाखवता येत नाही, हेही खरंच.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात सेंट पॉल शाळेच्या मैदानावर व्हॅटिकनचे कार्डिनल अमातो यांच्या हस्ते त्यांना 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. त्या सोहळ्याच्या बातम्या रकानेच्या रकाने आल्या. आता येत्या जूनमध्ये आपला वार्ताहर उदयनगर भागात पाठवा. पेरणीचा पैसा आज कुठून येतो, व्याज किती, बायकांचे बचतगट चालतात की नुसते कागदावर आहेत, पीककर्जाचा अर्ज किती दिवसांत निघतो, एवढं विचारून या आणि छापा. अर्ज भरताना काय अडतं ते समजून घ्यायचं असेल, तर मी सोबत यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, रामबाग, इंदूर