फलक ढिगात नको, वळणावर हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सार्वजनिक जागेवर ‘येथे कचरा टाकू नये’ असा फलक आणि त्याच्याच पायाशी राडारोड्याचा ढीग, हे बहुतेकदा उलट्या क्रमाने काम केल्यामुळे होते. आधी जागा पूर्ण साफ करावी, मगच फलक उभारावा. ढिगातला फलक फक्त एवढेच सांगतो, की इथे टाकले तरी कोणी विचारत नाही.

मजकुराची चूक याहून महागात पडते. ‘लोक इथे रोज घाण करतात’ हे वाचून टाकणाऱ्याला दिलासाच मिळतो. अमेरिकेतील पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत (दगड बनलेल्या प्राचीन) लाकडाच्या चोरीवर फलकांची तुलना झाली होती. ‘आधीच्या अनेकांनी लाकूड नेले’ असे सांगणाऱ्या फलकापाशी, मुद्दाम खूण करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के चोरीला गेले. साध्या मनाईच्या फलकापाशी २ टक्क्यांहूनही कमी.

म्हणून चारच ओळी पुरेत: मनाई, दंडाची रक्कम, कचरा टाकण्याच्या जवळच्या अधिकृत केंद्राचा पत्ता व वेळ, तक्रारीचा क्रमांक. तिसरी ओळ हमखास गाळली जाते. भरलेला टेम्पो घेऊन निघालेल्याला तो कुठेतरी रिकामा करायचाच असतो, हे फलक लिहिणाऱ्याच्या गावीही नसते!

गाडी रस्ता सोडून आत वळते, तिथे फलक हवा. २० मीटरवरून वाचता यावे म्हणून मुख्य ओळीची अक्षरे किमान १० सेंमी उंच ठेवावीत. मात्रा आणि जोडाक्षरांना वर-खाली मोकळी जागा द्यावी, नाहीतर लांबून नुसती गिचमीड दिसते. टाकणारे बहुधा अंधारात येतात, तेव्हा गाडीच्या दिव्यात चमकणारी परावर्तक शीट हवीच. फ्लेक्स उन्हाने विटतो, वाऱ्याने फाटतो. २ ते ३ मिमी जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, खालची कड जमिनीपासून २ मीटरवर, खांब ६० सेंमी खोल काँक्रीटमध्ये आणि साध्या पान्याने न सुटणारे नट, एवढे करावे. नाहीतर फलकच भंगारात जातो.

कॅमेरा नसताना ‘कॅमेऱ्याची नजर आहे’ असे लिहू नये. नेहमीचे टाकणारे ते लवकरच ओळखतात आणि मग खऱ्या कॅमेऱ्याचाही धाक उरत नाही.

नवा ढीग पडलाच, तर आधी फोटो काढावेत, नाव-पत्ता असलेली बिले किंवा पाकिटे शोधून पुरावा म्हणून बाजूला ठेवावीत आणि २४ तासांत ढीग उचलावा. तरीही गाड्या येत राहिल्या, तर आत वळण्याच्या तोंडाशी मोठे दगड टाकावेत किंवा चर खणावा. अग्निशमन दलाच्या गाडीसाठी मात्र कुलपाचे फाटक ठेवावे.

आपले,
सार्वजनिक जागांच्या देखभालीचे काम करणारे काही वाचक