पेन पिशवीत ठेवणाऱ्या आशाताईंना

प्रिय आशाताई,

हे पत्र तुम्हा सगळ्यांनाच आहे, पण आधी त्या ताईंना, ज्या शेवटचे दोन प्रश्न विचारायच्या आधी पेन पिशवीत ठेवतात.

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे घरोघरी जाऊन करायच्या आरोग्य-चौकशीचा कागद, तुम्ही भरता. तंबाखू, कंबरेचा घेर, घरात कुणाला शुगर-बीपी, असं सगळं झालं की शेवटी ते दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटतंय का? अजिबात नाही तर ०, काही दिवस असेल तर १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. काम अर्ध्या मिनिटाचं, आणि बिघडतं ते इथेच. सासू शेजारी बसलेली, विचारणाऱ्याची नजर कागदावर, पेन टेकलेलं. बाई म्हणते, "काही नाही, बरं आहे." शून्य, शून्य. अशा शून्यांचे गठ्ठे आम्ही पाहिलेत. ते समोर ठेवून "आमच्या भागात नैराश्य हा आजारच नाही" म्हणणारेही पाहिलेत. "लग्न लावून द्या, सगळं ताळ्यावर येईल" असा सल्ला देणारे शिकलेले लोक तर पावलोपावली भेटतात.

तुम्ही पेन पिशवीत घालता, तिच्या पुढ्यातली मेथीची जुडी ओढून घेता आणि निवडता निवडता विचारता, "झोप लागते का गं?" आणि मग गप्प राहता. चार काड्या निवडून होतात, तरी गप्प. त्या वेळी कुणी "टेन्शन घेऊ नकोस" म्हटलं की विषय मिटलाच, आणि तुम्ही ते म्हणत नाही. मग ती बोलू लागते. पहाटे तीनला जाग येते. अन्नाला चव नाही. पोर रडलं तरी काही वाटत नाही. मग ते दोन प्रश्न तुम्ही तिच्याच शब्दांत विचारता, फॉर्म मागाहून भरता, आणि तोच खरा भरलेला असतो.

फॉर्मवर लिहिलंय, बेरीज ३ च्या वर गेली तर पुढे पाठवा. तुम्ही नेमके ३ आलेल्यांनाही पाठवता. त्याबद्दल वेगळे आभार, कारण या दोन प्रश्नांच्या मूळ चाचणीत ३ पासूनच पुढची तपासणी सांगितली आहे. पुढे सीएचओ, म्हणजे उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, नऊ प्रश्न विचारतात, त्यात मरणाच्या विचारांचाही एक असतो. तो विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. थायरॉइड आणि रक्त कमी असणंही असंच दिसतं, म्हणून रक्त तपासावं लागतं. ही सगळी तपासणी दुखणं दोन आठवड्यांचं असताना होणं आणि दोन वर्षांनी, दोन देवऋषी करून झाल्यावर होणं, यात फार फरक आहे.

मग पुढे पाठवायची चिठ्ठी. तिच्यावर तुम्ही 'मानसिक' असं काही लिहीत नाही. वार लिहिता, सकाळच्या गाडीची वेळ लिहिता आणि खाली, "मी फाट्यावर थांबते." काय होतंय ते गावाला सांगायचं की नाही, हे तिचं तिने ठरवायचं. मधल्या काळात रात्री-अपरात्री जीव घाबरला तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर तिच्याच मोबाइलमध्ये टाकून देता. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि आठव्या दिवशी पुन्हा जाता. ही फेरी सर्वांत मोलाची, कारण गोळ्या सुटतात त्या याच आठवड्यात. नैराश्यावरच्या गोळ्यांनी सुरुवातीला मळमळतं, थोडं बेचैन वाटतं, आणि गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. हे कुणी सांगितलं नाही की "मला सोसत नाहीत" म्हणून पाकीट कपाटात जातं. दुसऱ्यांदा सुटतात त्या बरं वाटल्यावर. बरं वाटल्यावरही सहा महिने तरी चालू ठेवायच्या असतात, आणि थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या झोपेच्या गोळ्या नाहीत, त्यांची सवय लागत नाही, हे आमच्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं घरात पटतं. त्याच फेरीत फवारणीच्या औषधाचा डबा घरातून हलवायला लावता, कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. जीव द्यायचा तो आवेग बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो. तेवढ्या वेळात डबा हाताशी नसला, तर जीव वाचतो.

अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा प्रकल्प झाला, तोही गावातल्याच कार्यकर्त्यांच्या बळावर. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षाने २७.२ टक्के झाले. दारात जाऊन बसणारं माणूस असलं की किती फरक पडतो, ते या आकड्यांत दिसतं. आणि ते माणूस पगारावर नाही, मानधन आणि कामागणिक मोबदल्यावर राबतं, हे आम्हाला रोज खटकतं.

ताई, त्या निवडलेल्या मेथीबद्दल, न बोललेल्या त्या मिनिटाबद्दल आणि फाट्यावर थांबण्याबद्दल मनापासून आभार. मंगळवारी पाठवाल त्यांच्यासाठी खोली उघडी ठेवतो.

तुमचे,
समुपदेशनाच्या खोलीतले सहकारी